बोलायचं तर खुर्ची उचला

दारव्ह्याला आमचं बिछायत केंद्र होतं. मांडव, खुर्च्या, सतरंज्या, गाद्या-लोड आणि स्वयंपाकाची मोठी भांडी आम्ही भाड्यानं देत असू. ऑर्डर लिहून घेणं, सामान काढून देणं, परत आलेलं तपासणं ही कामं माझी. मांडव ठोकणं आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं नवऱ्याचं. तुला गोड बोलता येत नाही, असं तो म्हणायचा, आणि ते खरं होतं. काय पाहिजे, कधी पाहिजे, कुठं टाकायचं आणि परत कोण आणून देणार, एवढं विचारलं की माझं बोलणं संपायचं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. आमच्या दुकानात ती यादीवरून कळायची. लग्नं होत होती, पण मांडव लहान झाले होते. मुलीचा बाप यादीतल्या एकेका वस्तूवर बोट ठेवून म्हणायचा, "झालर कायले? गाद्याबी राहू द्या. पाहुने काय झोपाले येऊन राह्यले?" मी काट मारायची.

त्याच वर्षांत दुसऱ्या तऱ्हेच्या ऑर्डरी वाढल्या. पाहणी, भेट, सभा, मदतवाटप. गाड्या भरून माणसं यायची आणि त्यांच्यासाठी गावोगाव मांडव पडायचे. पुढच्या रांगेत कापड चढवलेल्या खुर्च्या, मागं सतरंजी. पुढून कुणीतरी माइक घेऊन मागं जायचं आणि सतरंजीवरच्या बाईला विचारायचं, माणूस कसा गेला ते सांगा. बाई पदर सावरून तोंड उघडेपर्यंत शेजारचा एखादा माणूस उठायचा, "मी सांगतो ना जी," आणि तोच सगळं सांगायचा. बाई मान हलवत बसायची. हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं, की माझं लक्ष त्यांच्याकडं कमी आणि सतरंजीवर कोण विडी टाकतं इकडंच जास्त असे. दुकान त्या भाड्यावर टिकलं, हेही सांगायला हवं.

शिमगा होऊन गेल्यावर एक मुलगी दुकानात आली. मूळची पुसदची, शहरात कला शिकलेली. केस कापलेले, खांद्याला झोळी, पायांत पुरुषी चपला.

"काकू, बाजाराच्या दिवशी खुर्च्या पाहिजेत."

"कार्यक्रम काय आहे?"

"लोकांनी एकमेकांशी बोलायचं, असा कार्यक्रम आहे."

"नाटक?"

"नाटक नाही."

"मग भाषण?"

"भाषण तर मुळीच नाही."

"मी यादीवर काय लिहू?"

ती हसली. "खुर्च्या लिहा."

मग तिनं समजावून सांगितलं. बाजाराच्या कडेला, कडुलिंबाखाली खुर्च्यांचा ढीग ठेवायचा, मांडायच्या नाहीत. मधली जागा मोकळी. ज्याला काही विचारायचं असेल त्यानं ढिगातली खुर्ची स्वतः उचलायची, मधे आणून टाकायची, बसायचं आणि विचारायचं. ज्याला त्याचं पटेल त्यानं आपली खुर्ची त्याच्या शेजारी टाकायची. ज्याला पटणार नाही त्यानं समोर टाकायची. उभ्यानं बोलायचं नाही. आणि दुसऱ्याच्या वतीनं कोणीच बोलायचं नाही.

"आणि तू काय करणार?"

"मी खुर्च्या पुसून देणार."

एवढंच करायला ही मुलगी पुसदहून दारव्ह्याला येणार होती. मी तिला म्हटलं, "आमच्याकडची माणसं खुर्ची उचलत नाहीत. मांडून दिली तरी पुढच्या रांगेत बसत नाहीत. ती पाहुण्यांची असते."

"म्हणूनच मांडायच्या नाहीत, काकू."

मी वाद घातला नाही. तिनं विचारलं नव्हतं, तरी दोन-तीन गोष्टी सांगितल्या. फायबरच्या खुर्च्या ने, लोखंडी उन्हात तापतात आणि भांडण झालं तर लागतात. पिण्याच्या पाण्याची सोय आधी कर, नाहीतर माणसं पाण्याला म्हणून उठतील ती परत येणार नाहीत. माइकवाला मिस्त्री शेजारच्या मोहल्ल्यात राहतो, मोटारी दुरुस्त करतो, पण त्याचा माइक मधेच शिट्टी मारत नाही. तिनं सगळं ऐकलं. असं ऐकणारं गिऱ्हाईक मला आवडतं.

आता दुसऱ्या बाईविषयी सांगते, कारण पुढं जे झालं ते तिचं झालं.

आमच्याकडं पडदे आणि खुर्च्यांची कापडं धुवायला, उसवलेलं शिवायला एक बाई येत असे. जवळच्याच खेड्यातली. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. त्याच्या वाटणीचं वावर तिच्या नावावर चढलं होतं, पण ते मक्त्यानं, म्हणजे ठरावीक रकमेवर वर्षभरासाठी, कोणाला कसायला द्यायचं हे तिचा भासरा ठरवायचा. भासरा म्हणजे मोठा दीर. गुढीपाडव्याला तो कुणाला तरी शब्द देऊन मोकळा व्हायचा आणि हिला ते नंतर जावेकडून कळायचं. माणूस वाईट नव्हता. दाणे घरी पोचते करायचा, दुखण्याखुपण्याला गाडी जुंपायचा. फक्त वावराचं तिला कधी विचारत नव्हता.

तिला त्या वर्षी ते वावर स्वतः पेरायचं होतं. दिवाळीपासून ती माझ्याजवळ हाच विषय काढत होती.

"मग सांग ना त्यांना," मी म्हटलं.

"कशी सांगू वैनी? भासऱ्यासंगं कोनी बोलते काय?"

हे मला माहीत होतं, पण माझ्या डोक्यात तेवढं बसलं नव्हतं. तिच्याकडं भासऱ्यासमोर धाकटी सून डोक्यावरून पदर घेते आणि त्याच्याकडं तोंड करून बोलत नाही. त्यानंही तिच्याकडं पाहायचं नसतं. काही सांगायचं झालं तर जावेमार्फत किंवा लेकरामार्फत. घरात दोघंच असली तर भिंतीला सांगितल्यासारखं बोलायचं.

"मग जावेला सांगायला सांग."

"ते म्हणते, मी नाही वो बाई. त्यायचा राग माह्यावर निंगते."

पाडवा तोंडावर आला होता. एकदा मक्तेदाराला शब्द गेला की वर्ष गेलं, हे ती रोज एकदा तरी म्हणायची, आणि म्हणताना पडदा पिळायची.

बाजाराच्या दिवशी आम्ही खुर्च्या घेऊन गेलो. नवरा एका लग्नाच्या मांडवावर होता, म्हणून मी आणि ती बाई अशा दोघीच टेम्पोत बसून गेलो. गुळाच्या आणि मिरचीच्या दुकानांमागं कडुलिंब होता. खुर्च्या उतरवून होतात न होतात तोच माणसं जमायला लागली. मला नवल वाटलं. मग पाहिलं तर ती सरळ रांग लावत होती. बाया एका रांगेत, पुरुष दुसऱ्या. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची थैली आणि थैलीत कागद.

रांगेतल्या पहिल्या म्हातारीनं झोळीवाल्या मुलीच्या हातात रेशनकार्डाची झेरॉक्स ठेवली. "हे घे माय. सातबाराबी आनला आहे."

मुलगी कागदाकडं पाहत राहिली. "आजी, इथं काही वाटप नाही."

"मंग खुर्च्या कायले आनल्या?"

त्या वर्षांत टेम्पोतून खुर्च्या उतरल्या म्हणजे मदतीचा चेक येणार, हे आमच्या भागातल्या लहान लेकरालाही कळत होतं. ती मुलगी वारंवार सांगू लागली की वाटप नाही, पण रांग हलेना. मागून एकजण म्हणाला, "झेरॉक्स चालत नसन. ओरिजिनल मांगत असन." दुसरा म्हणाला, "फोटो पाह्यजेत का? मी फोटो नाही आनले बावा." आणि तो खरंच फोटो काढायला निघून गेला.

माइकवाला मिस्त्री माझ्याजवळ आला. "भाभी, ये तो गडबड हो गई. अब क्या?"

"माइक दे इकडं," मी म्हटलं. पण ती मुलगी तेवढ्या गोंधळातही म्हणाली, "काकू, बसून."

म्हणून मीच पहिली खुर्ची उचलली, मधे टाकली आणि बसून सांगितलं, "वाटप नाही. चेक नाही. पाहुणे येणार नाहीत, हार-तुरे नाहीत. ज्याला काही विचारायचं असेल त्यानं खुर्ची घेऊन यावं. ज्याला नाही त्यानं बाजार करून घरी जावं."

रांग थोडी विस्कटली. काही जण गेलेही. ती म्हातारी मात्र खुर्ची फरफटत आणून माझ्या बरोब्बर समोर बसली.

"मंग तुमी काहून बसल्या?"

"मला खुर्च्या परत न्यायच्या आहेत म्हणून."

लोक हसले. म्हातारी उठली नाही. म्हणाली, "बरं. मले एक सांगा. गाडीतून येनारे सारे आमालेच इचारते. तुहा मानूस कसा गेला, तू काय खातं, तुले काय भेटलं. आमी त्यायले कवा इचाराव?"

मग एक बाई खुर्ची घेऊन म्हातारीच्या शेजारी बसली, तिच्या शेजारी आणखी एक. माझ्या बाजूला कोणीच आलं नाही. मी उठून टेम्पोजवळ गेले. खुर्च्या सरळ रांगेत लावायचा माझा जन्म गेला, त्यामुळं त्या तशा वेड्यावाकड्या पडलेल्या पाहून हात शिवशिवत होते. पण एकदा सुरू झालं ते सुरू झालं. डॉक्टर फक्त सकाळीच का असतो, शाळेच्या मागं दारू कोण विकतं, एसटी फाट्यावर न थांबता पुढं का जाते. एका माणसानं जावयाबद्दल प्रश्न विचारला आणि जावईच समोर खुर्ची टाकून बसला. ती मुलगी ओला फडका घेऊन खुर्च्या पुसत होती, दुसरं काही करत नव्हती.

बाजार अर्ध्यावर आला असेल, तेव्हा पांढरी टोपी घातलेला एक उंच माणूस खुर्ची घेऊन मधे आला. काखेत कागदांची थैली. टेम्पोजवळ कापडांच्या घड्या घालणाऱ्या आमच्या बाईनं एकदम पदर डोक्यावर ओढला. तेवढ्यावरून मला कळलं की हा तिचा भासरा.

त्यानं विचारलं, "औंदा काय पेराव? कापूस इकाले नेला तं तिथं कोनी पुसत नाही. कोनाले सांगता येत असन तं सांगा."

खुर्च्याच खुर्च्या आल्या. सोयाबीनवाले समोर बसले, कापूसवाले शेजारी.

"सोयाबीन लाव. तीन-साडेतीन महिन्यात मोकळा."

"मोकळा तं मोकळा, पन ढोराले काय खाऊ घालशीन? सोयाबीनचं कुटार?"

"कापसाची पऱ्हाटी तरी कोन खाते बे?"

"चूल तं पेटते तिच्यावर!"

बराच वेळ असं चाललं. मग भासरा म्हणाला, "माहं सोपं आहे. एक वावर घरी ठेवतो अन् दुसरं मक्त्यानं देऊन टाकतो. डोक्याले ताप नाही. मक्तेदार पाहूनच ठेवला, पाडव्याले पक्कं केलं का झालं."

दुसरं वावर कोणाचं, हे तिथं बसलेल्यांपैकी कित्येकांना माहीत होतं.

मी वळून पाहिलं तर घडी अर्धी टाकून ती बाई ढिगाकडं गेली होती. तिनं खुर्ची उचलली. पदर दातांत धरलेला, दोन्ही हातांत खुर्ची. मधल्या जागेत येऊन ती थांबली. शेजारी बसणं शक्य नव्हतं, समोर बसणं तर त्याहून नाही. भासऱ्याला ती दिसत नव्हती, पण समोरच्या लोकांचे चेहरे पाहून त्याला काहीतरी कळलं असावं. त्यानं मान अर्धी वळवली, लुगड्याची किनार दिसली, आणि त्यानं मान लगेच सरळ केली. रीत त्यालाही होती.

तिनं आपली खुर्ची त्याच्या खुर्चीच्या मागं टाकली, पाठीला पाठ लावून, आणि बसली.

झोळीवाली मुलगी फडका हातात धरून माझ्याकडं आली. हळूच म्हणाली, "काकू, हे माझ्या नियमात नाही."

"त्यांच्या नियमात आहे. राहू दे."

बाईनं समोरच्या मिरचीच्या ढिगाकडं पाहत म्हटलं, "त्यायले म्हना, ते वावर मक्त्यानं देऊ नका. मीच पेरीन."

मग म्हातारीनं भासऱ्याला ओरडून सांगितलं, "ते म्हनते, मीच पेरीन!"

"आयकू येते मले," भासरा म्हणाला. लोक हसले, पण थोडेच. त्यानं घसा साफ केला. "तिले म्हना, नांगरनी-वखरनी कोन करीन?"

"माहा भाऊ करून देईन म्हना. त्याच्याजवळ बैल आहे."

"वावराले मानूस लागते म्हना."

"मानूस होता तवाबी टोबाले, निंदाले, वेचाले मीच होती म्हना. फकस्त इकाले नव्हती."

बायांमधून "हाव ना, हाव" असं ऐकू आलं. मागून एकजण उभ्यानंच बोलू लागला, "मी काय म्हनतो, बाईमानसानं या भानगडीत..." त्या मुलीनं त्याला अडवलं, "दादा, खुर्ची घ्या." तो काही खुर्ची घेईना. दुसरा एक टवाळ ओरडला, "भाऊ, हारले तुमी! पलटा आता!"

"तू चूप बस," भासरा म्हणाला. "उभ्यानं बोलाचं नाही, कायदा आहे इथं."

या वेळी सगळेच हसले, आणि मला वाटतं त्यालाही जरा बरं वाटलं. पण लगेच तो म्हणाला, "मक्तेदाराले मी बोलून बसलो. शब्द आहे माहा."

"शब्द कोनाच्या वावराचा देला, इचारा त्यायले."

एवढं बोलून तिनं मान खाली घातली. म्हातारी उठली, आपली खुर्ची फरफटत नेली आणि तिच्या शेजारी टाकून बसली. मग आणखी एक बाई. मग आमच्याच आळीतला एक शिंपी. भासऱ्याला मागचं दिसत नव्हतं, फक्त मातीवर खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता. त्यानं मिस्त्रीला विचारलं, "काय होऊन राह्यलं रे मांगं?"

"मुडके मत देखो चाचा," मिस्त्री म्हणाला, "मैफिल उधर जम गई."

भासरा थैलीचा बंद बोटाला गुंडाळत बसला. मग म्हणाला, "नाल्याकडचा अर्धा तुकडा घे म्हना. पाहून घे एक साल. जमलं तं पुढं पाहू."

मला वाटलं, मिळतंय ते घ्यावं. मी तिच्या जागी असते तर घेतलं असतं. ती म्हणाली, "अर्ध्यात मंधात धुरा-बांध कोन घालत बसन? पुरं वावर पेरीन."

त्यानं थैली काखेत मारली. मला पहिल्यांदाच वाटलं, की तो उठून जाईल आणि सगळं होतं त्याहून वाईट होईल. घरी परतल्यावर तिला त्याच अंगणात राहायचं होतं.

"सांगा तिले," तो शेवटी म्हणाला. "मक्तेदाराले मी नाही म्हनून देतो. पन पानी गेलं, रोग पडला, तं माह्या दारी येऊ नये."

"नाही येत म्हना."

त्यानं थैलीतून एक कागद काढला, म्हातारीला खूण करून बोलावलं आणि तिच्या हातात दिला. वाटप असेल म्हणून त्यानं भावजयीचा सातबाराही सोबत आणला होता. "हा तिचा तिले द्या. सांभाळून ठेव म्हना." मग टोपी नीट करून तो मिरचीच्या दुकानाकडं गेला आणि तिथं भावावरून घासाघीस करताना दिसला. कापूसवाले आणि सोयाबीनवाले पुन्हा एकमेकांवर तुटून पडले.

खुर्च्या टेम्पोत चढवताना त्या मुलीनं विचारलं, "काकू, कसं वाटलं तुम्हाला?"

"एक खुर्ची चिरली आहे. बाकी ठीक."

ती वाट पाहत राहिली, म्हणून मी म्हटलं, "पुढच्या बाजाराला पाहिजे असतील तर आजच सांग. नंतर लग्नसराई आहे." तिनं सांगितलं. आणखी दोनदा ती आली, नंतर दुसऱ्या गावांना गेली.

भासऱ्यानं शब्द पाळला. अडवलं नाही आणि मदतही केली नाही. पेरणीनंतर पाऊस लांबला आणि तिला करपलेली रोपं मोडून पुन्हा बी टोबावं लागलं. त्या दिवसांत ती माझ्याकडं कामाला यायची तेव्हा दारातून आधी आभाळाकडं पाहायची. पोळ्याच्या सुमारास जाऊ निंदायला येऊ लागली असं तिनं एकदा सांगितलं, नवऱ्यानं पाठवलं की स्वतः आली ते तिलाही माहीत नव्हतं, आणि तिनं विचारलंही नाही.

दिवाळी झाली. तुळशीची लग्नं लागली की आमच्या ऑर्डरी सुरू होतात. मी कापडांचे गठ्ठे काढून ठेवले होते. ती आली ती दारातच उभी राहिली.

"वैनी, मी आता येत नाही. माह्या वावरातला कापूस फुटला."

"सगळी लग्नसराई अंगावर आहे. कापडं कोण धुणार?"

"ते तुमी पाहा."

"वेचणी कधी संपेल?"

"बोंडं फुटतीन तसं." मग आत वाकून पाहत म्हणाली, "ते जुनी ताडपत्री भाड्यानं देता काय? घरी जागा नाही. कापूस अंगनात टाकतो म्हनतो अन् वरून झाकतो."

मी ताडपत्री काढली, उलगडून भोकं पाहिली, एका कोपऱ्याला ठिगळ लावायला सांगितलं. ते तिनं तिथंच बसून लावलं. मग मी पावतीपुस्तक ओढलं आणि सवयीनं विचारलं, "नाव कुणाचं टाकू?"

"माहं टाका," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाचं टाकता?"